जुन्या तुडुमाचं पाणी

आंबेझरी तलाव,
५ एप्रिल १९५७

ती. डोमादादास,
धाकट्या रंभीचा नमस्कार.

हे पत्र गुणवंतराव मास्तर तुला वाचून दाखवतील. मास्तर, तुम्हालाही नमस्कार. मला चार बुकं तुम्हीच शिकवलीत, आता भोगा. दादा जाळं विणायला बसला असेल तेव्हाच त्याला गाठा, म्हणजे हातातलं काम टाकून पळता येणार नाही. पाठ करून बसला तरी वाचा. कान पाठीकडूनही ऐकतात.

दादा, तुला पाणी पाठवते आहे. थट्टा नाही. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी इथलं गेट उघडेल आणि दुपारच्या आत पाणी कोसमघाटच्या आपल्या डोहात पोचेल. झालं असं, की मागच्या महिन्यात माशांच्या खात्याचे एक साहेब तलावावर आले होते. चहा मीच केला. ते इसरूला विचारत होते, खाली नदीत मोठ्या खवल्यांचे मासे अजून कुठे उरलेत का? (नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहिल्याशिवाय तुला कळणार कसं?) इसरू विचार करून बोलणारा माणूस. त्याचा विचार होईपर्यंत दाराआडून मीच बोलले. म्हटलं, साहेब, माझ्या माहेरच्या डोहात आहेत. आमच्या ढीवरांनी त्या डोहात कधी जाळं टाकलेलं नाही, आम्ही त्यांना आईचे मासे म्हणतो. साहेब म्हणाले, "महाशीर." मी म्हटलं, तुम्ही काहीही म्हणा, पण तीन वर्षांपूर्वी तलावाची पाळ उंच करून हे लोखंडी गेट बसवलंत, तेव्हापासून उन्हाळ्यात खाली थेंब जात नाही. सगळं पाणी धानासाठी कोंडलेलं. डोह दर वर्षी आटतो आहे. असंच चाललं तर तुमचे ते महाशीर कागदावरच बघायला मिळतील.

साहेब हसले. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर. पण त्या भल्या माणसाने वर लिहिलं आणि काल हुकूम आला: पाऊस लागेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी माशांसाठी पाणी सोडावे. गेट उघडणारा तुझा मेव्हणाच आहे. त्याला मेव्हणा म्हणायचं नसेल तर गेटवाला म्हण.

लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा सासरच्या पाण्याची घागर आणून डोहात ओतते आणि मगच दारात पाय ठेवते, ही आपली रीत. माझी घागर राहिली. तू तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "तू गोंडाच्या घरी गेली. तुही घागर माह्या डोहात पडणार नाई, अन् तुह्या घरचं पाणी मी मरेपर्यंत पेणार नाई." बरं. घागर नको तर नको. आता अख्खी नदी येते आहे, ती अडवून दाखव.

फाटकी कशी आहे? अर्ध्या शेपटीची ती आपली म्हातारी मासळी. आई लाह्या टाकायची तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच वर यायची. आई जाताना शेताचं बोलली नाही, माझ्या लग्नाचं बोलली नाही. म्हणाली, "फाटकीकडे ध्यान ठेवजा दोघंबी." "दोघंबी" म्हणाली होती. विसरू नकोस.

तुझी,
रंभी


आंबेझरी तलाव,
१६ एप्रिल

ती. दादास,

रुखमाबाई आज पलीकडच्या गावच्या बाजारात भेटली. मी लांबूनच हसत गेले. म्हटलं, आता सांगेल, डोह कसा भरला ते. ती माझ्याकडे बघेना. आपल्या शेजारची रुखमाबाई, जिने मला कडेवर खेळवलं, ती सुक्या माशांची टोपली सावरत बसली आणि खालीच बघत बोलली, "रंभे, मासे उलटे झाले ना वं डोहात. पाणी आलं, सारे खूश झाले. मंग वास सुटला. सांजेले मासे तोंड वर काढून हापकत होते, अन् सकाळी पाहाव तं पांढरी पोटंच पोटं."

मी तिला परत परत विचारलं. किती? तिने हात पसरले. फाटकी? मेलेल्यांत नव्हती, पण जिवंतही कोणाला दिसली नाही. मग तिने तुझं बोलणं सांगितलं. सांगायचं नव्हतं तिला, मी पदर धरला तिचा. "डोमा म्हणते, गोंडाचं काम होय हे. पाण्यात साल कुटून टाकली त्यानं. हुकूम-बिकूम सारं नाटक होय."

दादा, मला काही सुचत नाही. इसरूच्या लोकांत ती रीत आहे, मी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात आटत्या डबक्यात साल आणि फळं कुटून टाकतात, मासे गुंगतात, सगळा गाव हाताने वेचतो. मी स्वतः वेचले आहेत आणि हसत हसत वेचले आहेत. पण ते आपापल्या डबक्यात करतात, दुसऱ्याच्या डोहात नाही. आणि इतकं पाणी नासवायला किती साल लागेल? बैलगाड्या लागतील. तू ढीवर आहेस, तुला हे कळत नाही?

घरात साल वगैरे काही नाही. मी पाहिलं. माळ्यावर पाहिलं, परसात पाहिलं. काही नाही. तुला खरं वाटावं म्हणून पुन्हा लिहिते, काही नाही.

पण मग झालं काय? हुकूम चांगला, पाणी आपल्याच नदीचं, सोडणारा माणूस चांगला, सोडायला लावणारी मी. यातलं वाईट काय होतं? परवा पुन्हा आपल्या बाजाराचा दिवस. हुकूम म्हणतो, सोडा. मी इसरूला काय सांगू? साहेबांना पत्र टाकलं आहे. ते नागपूरकडे गेलेत म्हणे, कधी येतील कोणी सांगत नाही.

मास्तर, दादा हे ऐकून काय म्हणाला ते रुखमाबाईजवळ सांगून ठेवा. शिव्या असतील तर शिव्या सांगा.

रंभी


आंबेझरी तलाव,
२४ एप्रिल

ती. दादास,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. साल होती. परसात, म्हशीच्या गोठ्यामागे, टोपलीभर कुटलेली लाल साल. रुखमाबाईला भेटून आले ती थेट गोठ्यामागे गेले आणि ती दिसली. मी इसरूला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. टोपली उचलली आणि शेणखताच्या खड्ड्यात उलटी केली. मग आत येऊन तुला "काही नाही" असं लिहिलं. ते तुझ्यासाठी लिहिलं की माझ्यासाठी, मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी इसरू परसात शोधत होता. म्हणाला, "इथी टोपली होती, कुठी गेली?"

मी म्हटलं, "कशाले पाहिजे?"

"जाळ्याले रंग द्याचा होता."

येनाच्या झाडाची साल होती ती, दादा. जाळं टिकावं म्हणून तू उकळतोस, बाबा उकळायचे, तीच. ढीवराच्या घरात जन्मले मी, लहानपणभर माझे हात त्या सालीने लाल असायचे आणि मला ओळखू आली नाही. डोळ्यांवर तुझं बोलणं होतं, दुसरं काही दिसलंच नाही. इसरू आत गेला आणि माळ्यावरून जाळं काढून माझ्यापुढे टाकलं. दिवाळीपासून तो ते विणत होता. जंगलात गस्तीला जातो म्हणायचा तेव्हा पाळीच्या पलीकडे झाडाखाली बसून विणायचा. "तुह्या भावासाठी होतं," म्हणाला. "ढीवराले जाळं देणारा गोंड, लोक हासतील, म्हणून सांगतलं नाई."

मग त्याला खड्डा दिसला. खतावर सगळीकडे लाल सांडलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून जेवतो, कामाला जातो, येतो, बोलत नाही. तू बोलत नाहीस त्याची मला सवय झाली आहे. याच्या अबोल्याची नाही.

गेट त्याने बंदच ठेवलं आहे, हुकूम असून. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणतो, म्हणजे बोलत नाही, पण तसं दिसतं. आणि रुखमाबाई सांगते, डोह गुडघ्यावर आला, उरलेले मासे एका कोपऱ्यात खडकाला चिकटून आहेत. पाणी सोडावं तर नासतं, न सोडावं तर आटतं. देवाने हे असलं कोडं माझ्याच डोक्यावर का ठेवलं? मी एक सरळ गोष्ट करायला गेले होते, दादा. माहेरी पाणी पाठवायला गेले होते.

रंभी


आंबेझरी तलाव,
१ मे

ती. दादास,

हे पत्र मास्तरांनी घाईने वाचावं. दादा, तुला इथे यायचं आहे. शेवटपर्यंत ऐक आणि मग काय ती पाठ फिरव.

आमची म्हैस चांदी तीन उन्हाळे मला छळते आहे. मी तिला गेटाखालच्या डबक्यावर पाण्याला नेते, घरापासून ते जवळ. ती नाक लावते, फुसकारते आणि मागे फिरते. मग सगळी पाळ ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, पाणी सोडायच्या जुन्या तुडुमाशी जाते. तिथे एका खुंट्याच्या फटीतून करंगळीएवढी धार येते. तिथे तोंड लावून उभी राहते आणि सावकाश पिते. मी तिला हट्टी म्हणायचे, काठीने हाणायचे. परवा हाणायला काठी उचलली आणि हात तसाच राहिला. म्हटलं, बघू तरी, ही बया एवढी चालते कशासाठी.

दोन्हीकडचं पाणी प्याले. गेटाखालचं तोंडात धरवलं नाही. गार, काळपट, सडक्या अंड्याचा वास. तुडुमाचं पाणी नेहमीसारखं, गोड. आणि दोन्ही एकाच तलावाचं!

जुनं तुडूम तू लहानपणी पाहिलं आहेस. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी खुंटा. पाणी जसं खाली जाईल तसा खालचा खुंटा काढायचा. म्हणजे पाणी नेहमी वरवरचंच जायचं. लोखंडी गेटाचं तोंड मात्र अगदी तळाशी आहे. मी इसरूसमोर दोन तांबे ठेवले, हा गेटाचा, हा तुडुमाचा. त्याने दोन्ही हुंगले. बारा दिवसांनी माझ्याशी बोलला, दादा. म्हणाला, "पाळ उंच केली तवा खालचं जंगल तोडलंच नाई. तसंच बुडवलं. सडून राह्यलं ते खाली."

तेवढंच म्हणाला आणि खुंट्यांवरचा चिखल उकरायला गेला. नवं गेट आल्यावर तुडूम चिखल-दगडांनी बुजवून टाकलं होतं.

एकाच तलावाचं पाणी वर गोड आणि खाली विष का होतं, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. उघड्यावर असलेलं पाणी वारा खातं आणि कोंडलेलं घुसमटतं, असं काही असेल. साहेब आले की विचारीन. पण साहेबांची वाट बघायला फाटकीकडे दिवस नाहीत. हुकुमात पाणी सोडावे असं लिहिलं आहे, कुठल्या तोंडाने ते लिहिलेलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तर येत्या बाजाराच्या दिवशी तुडुमाने सोडायचं.

पण तुला न विचारता आता एक थेंब पाठवणार नाही. एकदा पाठवून बसले. तू ये. डोहातली दोन लहान पिल्लं घागरीत घालून आण. एक गेटाखालच्या पाण्यात सोड, एक तुडुमाखालच्या. तुझ्या हाताने सोड, आम्ही लांब उभे राहतो. तुडुमाचं मेलं तर इसरूला पंचांपुढे उभा कर, मी मध्ये येणार नाही. माझ्या घराकडे बघूही नकोस, पाळीवरूनच परत जा. पण ये. आई "दोघंबी" म्हणाली होती.

रंभी


आंबेझरी तलाव,
१४ मे

ती. दादास,

तू आलास ते तुला माहीत आहे, पण मास्तरांना माहीत नाही, आणि तू त्यांना सांगितलं नसशील याची मला खात्री आहे. म्हणून तुझीच गोष्ट तुला लिहिते. मास्तर, सावकाश वाचा.

भर दुपारी आलास. डोक्यावर आईची पितळी घागर, तिच्या तोंडावर ओलं फडकं बांधलेलं. आमच्या घराकडे पाहिलं नाहीस, पण घर कुठे आहे ते तुला न बघताही बरोबर माहीत होतं, कारण तेवढंच टाळून गेलास. आम्ही ठरल्याप्रमाणे लांब उभे होतो. पहिलं पिल्लू गेटाखाली सोडलंस. जरा वेळाने ते आडवं व्हायला लागलं आणि तू ते असं झपकन उचललंस, की लहानपणी मला विहिरीच्या काठावरून ओढणारा तूच मला दिसलास. मग तुडुमाशी गेलास. दुसरं सोडलंस, ते धारेकडे तोंड करून उभं राहिलं. पहिलंही तिथेच सोडलंस. तेही सावरलं. तू किती तरी वेळ उकिडवा बसून बघत राहिलास.

मग इसरूला म्हणालास, "काढ."

लाकूड फुगलेलं, खुंटा निघेना. इसरू एकटा ओढत होता. तू धोतर खोचलंस, पाण्यात उतरलास आणि त्याच्या हातावरून हात धरून ओढलंस. दोघेही मागे आपटलात. मला हसू आलं आणि रडूही आलं, तोंडात पदर कोंबून उभी राहिले. पाणी दगडांवर आपटत फेसाळत निघालं. उठता उठता तू पाण्याकडे बघत बोललास, "फाटकी हाये अजून."

दादा, हे तू कोणाला बोललास? तिथे इसरू होता, मी होते, म्हैस होती. इसरू म्हणतो, तुलेच म्हणला. मला वाटतं, पाण्याला म्हणालास. ते "काढ" सोडलं तर दोन वर्षांत तुझ्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द, आणि ते माझे की नाहीत तेच मला कळत नाही. मग तू पाण्याबरोबर निघालास, नदीच्या पात्रातून, त्याला पुढे न जाऊ देता आणि मागेही न राहता. एकदाही वळून पाहिलं नाहीस. खांद्यावर ते जाळं होतं. इसरूने ते तुडुमाच्या दगडावर ठेवलं होतं. देतो म्हणाला नाही, घेतो म्हणाला नाहीस.

आज रुखमाबाई सांगून गेली, पाणी आलं, वास नाही, मासे खडक सोडून खोल गेले. आणि डोमा काठावर बसून लाह्या टाकत होता. मला खरंच वाटेना. लाह्या टाकणं हे बायकांचं काम म्हणायचास तू. फाटकी वर आली का, ते तिने पाहिलं नाही म्हणे. तू पाहिलं असशील. बिचारे बाकीचे गेले, ते मी पाठवलेल्या पाण्याने गेले, हे माझ्या मनातून जाणार नाही. साहेब आले की त्यांना गेटाखालचं पाणी आधी पाजणार आहे आणि मग चहा देणार आहे.

आता दोन गोष्टी विचारते.

एक. तुडुमाखाली पिल्लं सोडण्याआधी तू ओंजळ भरून पाणी प्यालास. हुंगलंस, प्यालास, पुन्हा भरून प्यालास. ते पाणी माझ्या तलावाचं, माझ्या नवऱ्याने चिखल उकरून मोकळं केलेलं, माझी म्हैस पिते ते. तेव्हा मी जीभ चावून गप्प बसले. बोलले असते तर तू थुंकला असतास. आता ते तुझ्या अंगात मुरलं आहे, म्हणून सांगते. शपथेचं काय करायचं ते तू आणि पंच बघा.

दोन. आईची घागर पाळीवर राहिली आहे. तू कधी सुईसुद्धा विसरणारा माणूस नाहीस. उन्हात तीन कोस पितळेची घागर डोक्यावर आणलीस आणि जाताना रिकाम्या हाताने गेलास. विसरलास की ठेवलीस? मी आठवडाभर हाच विचार करते आहे. मास्तर, हे वाक्य वाचून झालं की मान वर करा आणि त्याचं तोंड बघा. तोंडावर काय दिसतं ते मला कळवा. नाही कळवलंत तरी चालेल, मी ठरवलं आहे.

दादा, विसरला असशील तर उद्याच्या उद्या येऊन घेऊन जा. ठेवली असशील तर येऊ नकोस. घागर घासून, तुडुमाच्या धारेखाली भरून ठेवली आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी इसरू खुंटा काढेल आणि मी नदीच्या कडेने चालायला लागेन. डोक्यावर ओझं, उन्हाचा चटका, मी काही पाण्याबरोबर पोचणार नाही. पाणी आधी येईल. ते आलं की दारातून उठून काठावर ये, मागून मी आहे.

तुझी,
रंभी